व्याजाचं घर, हप्त्याचं घर आणि चाँदबींची खोली

बीड,
वैशाख वद्य पंचमी

तीर्थरूप आप्पा,

चरणांवर डोकं ठेवते, आणि डोक्यात काय चाललंय तेही कळवते.

माझी प्रकृती उत्तम आहे. शाळेत आता चौतीस मुली झाल्या. आईची कंबर कशी आहे?

तुम्ही सांगितलंत तशी घराच्या कर्जासाठी राधाकिशन सावकारांकडे जाऊन आले. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, दर साल नुसतं व्याज द्या न् खुशाल राहा."

"आणि मुद्दल?"

"मुद्दल कुठं पळून चाललंय?"

तेच तर! दहा वर्षांनीही ते तिथंच बसलेलं असणार, आणि घर गहाणच. त्यांनाच मुद्दलासकट दर महिन्याला हप्ता दिला तर निम्मा पगार जाईल, पण दहा वर्षांत घर आपलं होईल.

हे सगळं मी घरमालकीण चाँदबींना पाटीवर मांडून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बेटी, माझ्याच खोलीत ऱ्हा. भाडं दे न् निवांत झोप. माळवद गळलं तर मी चढते वर. तुझ्या घरावर कोन चढंल, तुझं बी.ए.?"

म्हणून हल्ली रोज त्यांच्याबरोबर माळवदावर चढून माती थापायला शिकते आहे. दोनदाच पडले. फारसं लागलं नाही.

तेव्हा हप्त्याचंच घर घेते. जामीन म्हणून तुमची सही हवी.

वडवणीचे पाहुणे मला बघायला येणार, असं आईने कळवलंय. खुशाल येऊ द्या. फक्त मुलगा निम्मा हप्ता भरणार का, एवढं आधी विचारून घ्या.

ही एक बाब सोडून तुमची आज्ञाधारक,
शिवकन्या