आत्याच्या गल्लीतलं विद्यापीठ

तीर्थस्वरूप दाजींस,

साष्टांग प्रणाम (कमरेच्या संमतीने). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईला सांगा, तिच्या भावाची प्रकृती उत्तम आहे, फक्त झोप गेली आहे, आणि ती तुमच्या कन्येने नेली आहे. तुम्ही परवापासून फोन उचलत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतो आहे. शाळामास्तराचं अक्षर आहे. लागत नाही, ही सबब चालायची नाही.

बिट्टीला फायनान्स शिकायला परदेशी जायचंय, आणि कॉलेज जवळ म्हणून ती माझ्याकडे राहते, तेव्हा अर्जांना मामाने मदत करावी असा तुमचा आदेश. (संस्कृत शिकवणाऱ्याचा वित्ताशी संबंध पगाराच्या दिवशी येतो, तोही दुपारपर्यंत.) तरी बसलो. आपल्या घराण्याची अभ्यासक्रम निवडायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: आधी आपलं माणूस कोणत्या शहरात आहे ते बघायचं, मग त्या शहरात विद्यापीठ आहे का ते, आणि वेळ उरलाच तर तिथे काय शिकवतात ते. तुमच्या चुलतभावाने मोठ्या हक्काने कळवलं, "विद्यापीठ आमच्या खिडकीतून दिसतं हो, पोरीला डबासुद्धा पोचता होईल!" साइट उघडली, तर तिथे हॉटेल चालवायला शिकवतात. (डबा तिकडून इकडे आला असता.)

राहिली तुमची बहीण. आत्याच्या गल्लीतल्या विद्यापीठात फायनान्स आहे खरं. पण बिट्टीने तिथल्या चार मुलांशी बोलून घेतलं. कोर्स इतका आखूड की वर्ग नीट सुरू होण्याआधीच कंपन्या माणसं निवडून निघून जातात, आणि गणित तर हिचं इथेच शिकून झालेलं. आत्याला हे सांगितलं, तर म्हणाली, "अगं, कोर्सचं काय घेऊन बसलीस? माझी वरची खोली रिकामी आहे!"

पोरीचं मन दुसऱ्याच ठिकाणी आहे. दोन वर्षं, घाम काढणारं गणित, मधल्या सुट्टीत कंपनीत काम, आणि शिकून झाल्यावर परदेशी मुलांना तिथे राहून नोकरी करायची मुभा. दोष एकच, त्या गावात आपलं कुणी नाही. तिने फोनवर हे सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला हवं ते कर." दाजी, या वाक्याचा अर्थ 'नाही' होतो, हे आपल्या घरात रांगणाऱ्या पोरालाही कळतं.

अर्ज शुक्रवारी बंद होतो. सगळा भरलाय, शेवटचं बटण तेवढं राहिलंय. ती लॅपटॉपसमोर बसते आणि उठते. पानावरून अर्धवट उठते. येता जाता विचारते, "मामा, बाबा काही बोलले?" मी म्हणतो, कामात असतील. मला खोटं बोलता येत नाही, आणि तिला ते दिसतं. काल हळूच म्हणाली, "राहू दे मामा, आत्याकडचंच भरते." रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

तुम्ही आयुष्यभर लोकांच्या घरात वायरिंग केलंत. वायर निवडताना शेजारी आपलं कोण राहतं ते पाहिलंत, की भार किती पेलेल ते? मग कोर्सही हिचा भार पेलेल असाच हवा, आणि तो भार तुम्हीच वाढवलेला आहे, एवढं ध्यानात घ्या. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपला,
धाकटा (आणि आगाऊ) मेहुणा

ता.क. एवढ्या लांबणीचं कारण एकच शब्द आहे. तिला फोन करा आणि म्हणा, "भर."

दुसरा ता.क. फोटोसाठी कागद मांडत होतो, तेवढ्यात बिट्टीने मागे उभं राहून सगळं वाचलं, आत गेली आणि बटण दाबून आली. मग दोनदा वाढून घेऊन जेवली, आणि आता फोन मांडीवर घेऊन पांढरी पडून बसली आहे. तेव्हा मागणं तेच, घाई मात्र जास्त. तुम्हाला यातलं काही कळलेलं नाही असं धरून फोन करा आणि "भर" म्हणा. ती "बरं बाबा, भरते" म्हणेल. तिलाही माझ्यासारखंच खोटं बोलता येत नाही. तेवढं सांभाळून घ्या.