पिवळ्या कयाकला वळसा

तळ्याकाठी, १७ नोव्हेंबर

प्रिय ब्रेट,

तुझं पत्र पोचलं. तुम्ही सगळे मजेत आहात हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्हीही ठीक. माझी पाठ अधूनमधून कुरकुरते, लिंबाचं झाड यंदा फळांनी वाकलंय आणि शेजारचा कुत्रा अजूनही काही कारण नसताना भुंकतो. तुमच्या पर्थला आत्ताच कडक ऊन असेल. आमच्याकडे हवेचं काही खरं नाही. सकाळी लोकरीची टोपी, दुपारी उघडे दंड आणि संध्याकाळी पुन्हा शेगडी.

फोन न करता पत्र का लिहिते, असं मागे विचारलं होतंस. फोन बैठकीत आहे आणि बाबा तिथेच बसलेले असतात, दुसरं काही नाही.

टेसला जानेवारीत पाठवतोस हे कळल्यापासून बाबांचं जे चाललंय ते तुला कळायलाच हवं. नात आपल्याबरोबर होडीत बसणार, तीही क्लबच्या मोठ्या शर्यतींत, हे त्यांनी दुधवाल्यालाही सांगून झालंय. ‘वॅगटेल’ होडी उलटी घालून तिचं बूड घासलं, रंगवलं. टेससाठी नवं लाइफ जॅकेट आणलं, ते दाराच्या खुंटीवर टांगलंय आणि येता जाता त्याला हात लावतात. मर्व्हच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पुढे बसायला सोबती नाही, ते एकटेच होडी काढतात. म्हणून तर नातीची इतकी वाट बघणं.

जुनं मी उकरून काढत नाही. पण अजिंक्यपदाच्या त्या शेवटच्या शर्यतीत तुझी होडी वळणाच्या तरंगत्या बोयाला घासली असं बाबा म्हणाले, तू घासलीच नाही म्हणालास, आणि बाबांनी पोटच्या पोराविरुद्ध तक्रार गुदरून तुझं पद घालवलं. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी नाताळच्या कार्डापलीकडे बोललेले नाहीत. इतक्या वर्षांत तुझ्याकडून त्यांच्यासाठी आलेली ही पहिलीच गोष्ट आहे. बाबा ती जपून धरून बसलेत. मीसुद्धा.

आता क्लबची बातमी. काल माझी पंचाची पाळी होती. म्हणजे मनोऱ्यावर बसायचं, बावटे लावायचे, भोंगा वाजवायचा आणि खाली उतरल्यावर सगळ्यांची बोलणी खायची. यंदा एक नवल झालंय. बाबा दर शनिवारी दुसरे येतात. टोनी फेनर पहिला आणि बाबा त्याच्या मागोमाग. टोनीची मान इतकी ताठ झालीय की कँटीनमधली शर्ल म्हणते, आता त्याच्या हातात चहा द्यायला मला स्टूल लागतं.

काल मात्र वेगळंच झालं. उत्तरेचा गरम वारा होता. वरच्या बोयाकडे जाताना सगळे डाव्या काठाने गेले, बाबा एकटेच उजवीकडे राहिले आणि वारा नेमका त्यांच्या बाजूने फिरला. बघता बघता ते सगळ्यांच्या पुढे. मग बोया बाजूला ठेवून त्यांनी होडीचं नाक भलतीकडेच वळवलं. तिथे एक माणूस पिवळ्या कयाकच्या चिंचोळ्या होडक्यात गळ टाकून सँडविच खात बसला होता. बाबांनी त्या माणसाला ऐटीत वळसा घातला. त्यांच्या मागून टोनीने घातला. टोनीच्या मागून आणखी चौघा-पाचांनी. आपले बाबा, क्लेम ट्रँटर, ज्याला वळसा घालतील तोच बोया, हे आपल्या क्लबात कोणाला शिकवावं लागत नाही. खरा बोया पलीकडे एकटाच डुलत होता. कयाकवाल्याने पहिल्या होडीला हात केला, दुसरीला टोपी काढली, आणि मग सँडविच खाली ठेवून नुसता बघत राहिला.

तेवढ्यात हवा बिघडायला लागली म्हणून मी शर्यत रद्द केली. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा बावटा वर आणि तीनदा भोंगा. होड्या काठाला लागतात न लागतात तोच नैर्ऋत्येचा थंड वारा धाडकन आला आणि तळं पांढरंफेक झालं. मागे राहिलेल्या दोन होड्या धक्क्याजवळच आडव्या झाल्या. कोणाला काही लागलं नाही. रॉस आता क्लबचा अध्यक्ष आहे, त्याने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, म्हणाला, आभाळ वाचावं तर मर्नाने. कयाकची गोष्ट सगळ्यांनी बाबांची थट्टा म्हणून घेतली. बाबाही हसले. म्हणाले, “माझ्यामागे कुठवर येता ते बघत होतो.”

टेसची तिकिटं काढली नसशील तर इतक्यात घाई करू नकोस. जानेवारीतली हवा तुला माहीत आहे. ती होडीत न बसता नुसती राहायला आली तरी काही बिघडत नाही. हे बाबांना कळवू नकोस.

तुझी,
मर्ना


तळ्याकाठी, १ डिसेंबर

प्रिय ब्रेट,

तिकिटं काढलीस. कयाकची गोष्ट टेसला सांगितलीस आणि ती हसून लोळली असं लिहिलंस. ते वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. आज ख्यालीखुशालीचं काही लिहीत नाही. जे मागच्या पत्रात लिहायला हवं होतं आणि मी हवेवर ढकललं, ते लिहिते.

बाबांना दिसत नाही.

आंधळे झालेत असं नाही. नजरेचा मधला भाग गेलाय आणि कडा राहिल्यात. हिवाळ्यात ते चहा कपाच्या शेजारी ओतायला लागले आणि टीव्हीकडे कान करून बसायला लागले, तेव्हा मी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, गेलेलं परत येणार नाही, जे उरलंय ते किती टिकेल सांगता येत नाही. गाडीच्या किल्ल्या बाबांनी त्याच दिवशी स्वतःहून माझ्या हातात दिल्या. होडीचं नाव काढलं तर जेवण टाकून उठले. आणि तुला कळवायचं नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं. म्हणाले, ब्रेटला कळलं की तो पोरीला पाठवणार नाही, आणि मग तो कधीच काही पाठवणार नाही. मी मान डोलावली, कारण मलाही तीच भीती होती.

दर शनिवारी ते दुसरे का येतात हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. वारा त्यांना मानेवर कळतो, शीड कानाने कळतं, त्यात ते अजूनही कोणाला हार जात नाहीत. फक्त बोया दिसत नाही. म्हणून ते टोनीचं लाल शीड नजरेच्या कडेला धरतात आणि त्याच्या मागून जातात. त्याला मागे टाकणं त्यांना केव्हाही जमलं असतं. पण पुढे गेले की पुढे कोणीच नाही. त्या दिवशी वारा फिरला आणि त्यांना नको असताना पुढे घेऊन गेला.

आता माझं. मी शर्यत रद्द केली तेव्हा ढग आलेलाच नव्हता. मी बाबांना त्या कयाककडे जाताना पाहिलं आणि हात आपोआप बावट्याकडे गेला. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळ्यांना कळलं असतं. ढग मला नंतर दिसला. पाठ थोपटून घेताना मला स्वतःची शिसारी आली. हवा आणखी लवकर पालटली असती तर त्या पांढऱ्या पाण्यात काठही न दिसणारा म्हातारा एकटा सापडला असता, हेही मला नंतरच सुचलं. आधी सुचली ती त्यांची अब्रू.

मी त्यांना गाडीतून घरी आणत होते. पुलाशी आल्यावर म्हणाले, “बावटा ढगाआधी लावलास की ढगानंतर?”

मी म्हणाले, नंतर.

“भोंगा वाजला तेव्हा माझ्या मानेवर उत्तरेचाच वारा होता,” ते म्हणाले. “पालटायला अजून वेळ होता.”

त्यापुढे आठवडाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मीठ दे, एवढंच. मला वाटलं, डोळ्यांचं उघडं पडेल म्हणून धास्तावलेत. तसं नव्हतं. ते रागावले होते ते बावट्यावरून. आपल्या क्लबात पाण्यावर पोलीस नसतो, ब्रेट, तुला सांगायला नको. चूक झाली तर ज्याची त्याने कबूल करायची, स्वतःच गोल फिरून दंड भरायचा किंवा शर्यत सोडून काठावर यायचं. बाबा त्या एका गोष्टीवर आयुष्यभर उभे राहिले, आणि तुला त्यांनी गमावलं तेही त्यापायीच. अशा माणसासाठी मी खोटा बावटा लावला होता.

पुढच्या शनिवारी शर्यतीआधी सगळे गवतावर चहा घेऊन उभे होते. रॉसचं शर्यतीबद्दल सांगून झाल्यावर बाबा पुढे आले. मी त्यांच्या बाहीला धरलं, त्यांनी हात सोडवून घेतला.

“गेल्या वेळची शर्यत हवेमुळे थांबली नाही,” ते म्हणाले. “मी कयाकला वळसा घातला, कारण मला बोया दिसला नाही. ती थट्टा नव्हती. मला बरेच महिने दिसत नाहीये. पोरीने माझं झाकायला बावटा लावला. बावटा हवेसाठी असतो, माझ्यासाठी नाही. तिला काय बोलायचं ते बोला, पण आधी मला बोला.”

शर्लच्या हातातला सॉसेज रोलचा ट्रे तसाच धरलेला राहिला. शेवटी टोनी म्हणाला, “म्हणजे क्लेम, इतके शनिवार मी जिंकत होतो ते...”

“तू वाट दाखवत होतास, बाळा. फार छान दाखवलीस.”

मग लोक हसले. टोनी हसला नाही. होड्या पाण्यात जायला लागल्या तेव्हा तो एकटाच बराच वेळ आपल्या शिडाची दोरी उगाच सोडत आणि बांधत बसला होता. मला त्याची दया आली. मला रॉस काही बोलला नाही, फक्त पंचाची पुढची पाळी दुसऱ्या कोणाला देतो म्हणाला. तेही बरोबरच आहे.

बाबांनी ‘वॅगटेल’ पाण्यात घातली नाही. माझ्याबरोबर मनोऱ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले. खाली होड्या सुटल्या, ते ऐकत होते. कोण कुठे वळला ते मला बरोबर सांगत होते, मध्येच चुकत होते. मी सुधारलं नाही. मग आपणहून त्यांनी तुझा विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“ब्रेटची होडी बोयाला लागली होती,” म्हणाले. “ते मी पाहिलं. तेव्हा डोळे धड होते, मी खोटं बोललो नव्हतो.”

खाली पहिली होडी बोयाशी वळली, तसे ते पुढे बोलले.

“पण नंतर तक्रारीच्या खोलीत तो माझ्यासमोर बसला होता ना, तेव्हा मी सगळा वेळ टेबलाकडे बघत होतो. त्याच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. आता बघावंसं वाटतं तर तोंडंच दिसत नाहीत.”

हे तुला लिही असं ते म्हणाले नाहीत. लिहू नको असंही म्हणाले नाहीत. त्या तक्रारीत खरं कोणाचं, ते मला माहीत नाही आणि आता मला त्यात पडायचंही नाही. तुला राग असेल तर तो तुझा हक्क आहे. पण मला बापही हवाय आणि भाऊही हवाय, आणि तुमच्या दोघांच्या मध्ये उभं राहून मी फार दमलेय. हे तुला आजवर सांगितलं नाही, ते सांगते.

टेसचं तू ठरव. आता तुला सगळं माहीत आहे. पोर तुझी आहे, नाही पाठवलीस तर मी एका शब्दाने बोलणार नाही आणि बाबांना काय सांगायचं ते मी बघेन. पाठवलीस तर कसं, तेही बाबांनी सांगून ठेवलंय. सुकाणू टेसच्या हातात. ते पुढे बसतील, वारा सांगतील, ती बोया सांगेल. जन्मात कधी पुढे न बसलेला माणूस काल अंगणात रिकाम्या होडीत पुढच्या जागी बसून गुडघे कुठे घालायचे ते शिकत होता. मी खिडकीतून बघितलं आणि आत निघून आले.

आणि ब्रेट, तिला सोडायला तू स्वतः ये. दोन दिवसांसाठी ये.

आलास तर एक लक्षात ठेव. तू दारात उभा राहशील तेव्हा बाबा तुझ्याकडे बघणार नाहीत. तुझ्या खांद्यावरून पलीकडे, कुंपणाकडे बघत राहतील. त्यांनी तोंड फिरवलं असं समजून परत जाऊ नकोस. समोरचं माणूस दिसावं म्हणून त्यांना आता तसंच बघावं लागतं. ते तुझ्याचकडे बघत असतील. जरा वेळ तिथेच उभा राहा.

वाट बघणारी तुझी बहीण,
मर्ना