रंगूची खुशाली

मुक्काम केरळ,
२७ डिसेंबर २००७

प्रिय नाथाभाऊ,

सप्रेम नमस्कार. आम्ही तिघे सुखरूप पोचलो. गाडी चार तास उशिरा होती, पण नाशिकरोडला तू डब्यात आणून दिलेली शेवंती लतिकाने खिडकीच्या गजाला बांधली होती. पनवेल गेलं तरी वास येत होता. समोरच्या बाईंनी दोन फुलं मागून घेतली.

समुद्र खोलीच्या दारातच आहे. लतिका सकाळ-संध्याकाळ पायात चप्पल न घालता फिरते. जेवणात सगळीकडे खोबरेल तेल, त्यामुळे आभाने पहिल्याच दिवशी पिठलं-भाकरीची आठवण काढली. आता तिचीही जीभ सरावली आहे. प्रेसमध्ये नोकरीला लागल्यापासून एलटीसीवर एवढ्या लांब मी पहिल्यांदाच आलो.

आता तू ज्यासाठी पत्र उघडलं असशील ते. रंगू भेटली. तुझ्या आमराईतून तिला ट्रकमध्ये चढवली त्याला साडेतीन वर्षं होऊन गेली, तरी मी लगेच ओळखली. डाव्या कानाची खालची कड तशीच फाटकी आहे. ती आता एका हॉटेलाच्या आवारात असते. तिथे हत्तीवर कुणालाही बसवत नाहीत, तशी दारावर मोठी पाटीच आहे. लोकांनी लांबून बघायचं, हळू बोलायचं, आणि समुद्रात तिला अंघोळ घालायची. आभाने काथ्याच्या ब्रशने तिची पाठ घासली. एरवी ही मुलगी कशावरही खूश नसते, त्या दिवशी होती.

पायाचं विचारशील. उपचार चालू आहेत. वय झालंय, त्या मानाने ठीक.

कुसाआईंनी दिलेला गूळ मी स्वतः तिला भरवला, त्यांना सांग. फोटो काढलेत, पण कॅमेऱ्यात वाळू गेली आहे, कसे येतात बघू. बाकी भेटीत.

तुझा,
आल्हाद


नाशिकरोड,
९ मार्च २००८, रविवार

प्रिय नाथाभाऊ,

सप्रेम नमस्कार. एकाच गावात राहून हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. मखमलाबादला यायला मला तासभर पुरतो. परवा तू येऊन गेल्यापासून दोनदा निघालो होतो. एकदा शालिमारला उतरलो आणि तिथूनच परतीची बस धरली.

घरी सगळे बरे आहेत. आभाची नववीची परीक्षा जवळ आली. उन्हं वाढली, तुझ्याकडे झेंडूला दोन वेळा पाणी द्यावं लागत असेल.

शुक्रवारी तू शिवरात्रीची फुलं उरकून थेट स्टेशनवर आलास, रांगेत उभं राहून दोन तिकिटं काढलीस आणि मग आमच्याकडे आलास. दारातच म्हणालास, "आल्हादभाऊ, आईला घेऊन चाललो. तुझं पत्र चार येळा वाचून दाखवलं तिला. म्हणती, मरायच्या आधी एकदा हात लावू दे." आणि पेढ्याची पुडी पुढे केलीस. मी पेढा खाल्ला. लतिका आत चहा ठेवत होती. तिला सगळं माहीत होतं, म्हणून ती बाहेर आली नाही. तुला वाटलं तिचं डोकं दुखतंय.

नाथा, ती तिकिटं रद्द कर. रंगू गेली. एकोणीस फेब्रुवारीला गेली. मी तिथल्या माहुताचा नंबर घेऊन ठेवला होता. चोवीस तारखेला फोन केला तेव्हा तो म्हणाला, दुपारी खाली बसली, मग उठली नाही. क्रेन आणली होती. तरी उठली नाही.

म्हणजे तू तिकिटं काढलीस तेव्हा मला कळून बारा दिवस झाले होते.

केरळहून जे लिहिलं ते तसं खोटं नव्हतं. पाटी आहे. बसवत नाहीत हेही खरं. आठ-आठ जणांची टोळी करतात, प्रत्येकाला बादली आणि ब्रश देतात, आणि एक माणूस इंग्रजीत समजावून सांगतो, हत्तीवर प्रेम कसं करावं. लोक अगदी शहाण्यासारखे वागतात. आभाने नाशिकला कॅफेत बसून इंटरनेटवर हेच ठिकाण शोधून काढलं होतं, कारण इथे स्वारी नाही. मीच तिला सांगितलं होतं, असं ठिकाण शोध. आपल्याकडून रंगूला ज्या आश्रमात पाठवलं तिथले हत्ती आता तिकडे गेलेत एवढं मी एका पत्रावरून काढलं होतं, तेव्हा दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणून मला बरं वाटलं. तिने पाठ घासता घासता विचारलं, "बाबा, हे बरोबर आहे ना? आपण तिला त्रास नाही देत ना?" मी म्हटलं, नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

त्या दिवशी रंगूची अशी अंघोळ सहा वेळा झाली. खाऱ्या पाण्यात.

दुपारी दोघी झोपल्यावर मी स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला गेलो. पत्र्याच्या शेडखाली सिमेंटवर ती उभी होती. पुढच्या दोन्ही पायांत साखळी. डोकं एका लयीत डावीकडे-उजवीकडे हलत होतं, आपण समोर आहोत याचा तिला पत्ताच नव्हता. तुझ्याकडे ती अशी कधी हलली नाही. माहूत म्हातारा होता, हिंदी मोडकंतोडकं. मी पायाकडे बोट दाखवलं तर म्हणाला, "साब, खारा पानी लगता है. ये ठीक नहीं होगा." त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. त्याने जखमेवर हळद लावली होती, तीही पाण्याबरोबर जायची.

मी गूळ दिला. सोंडेने घेतला, तोंडात घातला. मग मी म्हटलं, "रंगू, पाय." तू म्हणायचास तसं.

तिचं हलणं थांबलं आणि तिने तो पाय उचलून धरला. आमराईत तू कडुनिंबाचं पाणी घेऊन बसायचास आणि ती धरायची, तसा. साखळी ताणली गेली तरी धरला. माझ्याजवळ कापूस नाही, औषध नाही. आणि खाली ठेवायला तू काय म्हणायचास ते मला आठवेना. मी "बस", "ठेव", "झालं" असं काय काय म्हणत राहिलो. ती पाय धरून उभी. शेवटी माहुताने त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं तेव्हा तिने ठेवला.

मी मॅनेजरला भेटलो. माणूस सभ्य होता, खुर्ची दिली, शहाळं मागवलं. म्हणाला, ज्या आश्रमात तुम्ही तिला पाठवली तो दोन वर्षांतच बंद पडला, जमीन विकली, चार हत्ती आमच्याकडे आले. "सर, आम्ही बसवत नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन बघा, एकेका हत्तीवर पाच-पाच माणसं बसवतात." मी म्हटलं, निदान त्या पायाला आराम द्या. तो म्हणाला, बघतो. परतल्यावर मी तिथल्या सरकारी कार्यालयाला दोन पत्रं लिहिली. एकाची पोच आली.

हे सगळं मी तुला आल्या आल्या सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का, ते आता लिहितो. यातलं निम्मं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ते कसं होतं ते माहीत नाही.

सिंहस्थाच्या मिरवणुकीसाठी तिला भाड्याने आणली होती. मिरवणुका संपल्या, माहूत आजारी पडून गावाकडे गेला तो आलाच नाही, आणि ती तुझ्या बांधाशी सडक्या पायाने उभी राहिली. तू तिला आत घेतलंस. आमच्या प्राणिमित्र मंडळाच्या वतीने मी बघायला आलो, तिथे आपली ओळख झाली. आठ महिने तू तिला उसाचं वाढं घातलंस, कुसाआई रोज तिच्या नावाची भाकरी टाकायच्या. साखळी तू पहिल्याच आठवड्यात काढलीस. पाय भरत आला होता. डॉक्टरही म्हणाले होते, अजून एक पावसाळा जाऊ द्या.

मला मात्र ते पटत नव्हतं. हत्तीने आंब्याखाली, दोरीने का होईना, बांधलेलं असणं चुकीचं, असं मी वाचलं होतं. समुद्रकाठच्या त्या आश्रमाचे रंगीत फोटो माझ्याकडे आले होते. तुला ते दाखवले तेव्हा तू म्हणालास, "फोटूत चांगलंच दिसतंय रे. पन तिथं तिचं कोन हाय?" मला राग आला. एका माळ्याने मला प्राण्यांबद्दल शिकवावं, असा राग. हा राग मी तुझ्यापासून चार वर्षं लपवला, आज लिहितो.

वनखात्याला अर्ज मी केला. एका शेतकऱ्याने परवान्याशिवाय हत्तीण डांबून ठेवली आहे, असं लिहिलं. 'डांबून' हा शब्द माझा. खाली सही केली नाही. कायद्याप्रमाणे त्यांना यावंच लागलं आणि ते आले. ट्रक तुझ्या दारात उभा होता तेव्हा तुझ्या खांद्यावर हात ठेवून मीच उभा होतो. पुढच्या आठवड्यात पेपरात माझा फोटो आला, हत्तिणीला हक्काचं घर मिळवून दिलं म्हणून. ते कात्रण तू जपून ठेवलंस.

आणि तुझा संशय सख्ख्या भावावर, मंगळूवर गेला. जाणारच होता. रंगू सामायिक विहिरीवर पाणी प्यायची, त्याच्या वांग्यात एकदा शिरली होती, आणि तो सगळ्यांदेखत बोलला होता, "मी तक्रार करीन, मग बघ." तू त्याला विचारलंस, तेव्हा त्याने कुसाआईंच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तू म्हणालास, आईची खोटी शपथ घेणारा माझा भाऊ नाय. दुसऱ्या दिवशी बांधावर काटेरी तार घातलीस. तारेचे खांब धरायला मी आलो होतो.

तेव्हा बोललो असतो तर तू मला हाकलून दिलं असतंस, एवढंच झालं असतं. मी विचार केला, भाऊ आहेत, सहा महिन्यांत होतील एक. मग वर्ष गेलं. मग दिवस जितके जात गेले तितकं बोलणं अवघड झालं.

मागच्या श्रावणात मंगळू बाजार समितीत टेम्पोतून क्रेट उतरवता उतरवता कोसळला. दशक्रियेला तू गोदाघाटावर आलास, पण खाली गेला नाहीस, पायऱ्यांवर लांब बसून राहिलास. मी शेजारी बसलो. तू म्हणालास, "त्यानं का केलं असंल रे? मला नुसतं म्हटला असता, मीच सोडली असती तिला." मी नदीकडे बघत बसलो. माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं सरळ विचारलं नव्हतं. तू माझ्या गप्प बसण्याला दुःख समजलास आणि उलट मलाच पाणी आणून दिलंस.

म्हणून केरळला गेलो, नाथा. समुद्रासाठी नाही. रंगू तिथे सुखात दिसली असती, तर मी स्वतःला सांगू शकलो असतो की निदान एक गोष्ट बरोबर झाली. तशी ती झाली नाही. आणि तरी मी तुला खुशालीचं पत्र लिहिलं.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. सोमवारी सकाळी मी सुलावहिनींकडे जाऊन त्यांना सांगणार आहे. मंगळूच्या बायकोने ते माझ्या तोंडून ऐकायला हवं, पत्रातून नाही. तुझ्या दारात यायचा धीर मला होत नाही. त्यांच्या दारातही होईल की नाही, आज रात्री सांगता येत नाही, पण तिथे तरी परत फिरायचं नाही असं ठरवलंय. त्याने काही दुरुस्त होणार नाही हे मला समजतं. ज्याच्याशी तू बोलायचं ते माणूस राहिलं नाही, आणि ज्या मुक्या जिवासाठी एवढं झालं ती सिमेंटवर मेली.

क्षमा मागत नाही. तू कदाचित देशीलही, तुझा स्वभाव तसा आहे, आणि ते मला सोसणार नाही. उत्तर लिहू नकोस.

कुसाआईंना रंगूचं सांगायचं की नाही ते तू ठरव. पण एक त्यांना नक्की सांग. त्या शपथेनंतर तुझ्याशी भांडून त्या चार दिवस जेवल्या नव्हत्या. त्यांना सांग की त्यांचा मुलगा खरं बोलत होता.

आल्हाद गंगाधर गायधनी