हिरवा ठिपका

विलो फोर्क, नेब्रास्का
९ डिसेंबर, सोमवार

प्रिय लोरीन,

अनेक आशीर्वाद. ते तुला हवे आहेत की नाहीत कोण जाणे, पण पत्र कुठून तरी सुरू करावं लागतं. मी बरा आहे. थंडीने गुडघा धरतो, बाकी खाणंपिणं नीट चाललंय. कुत्रा म्हातारा झालाय, मी नाही, असं मी त्याला रोज बजावतो. शनिवारी चर्चमध्ये राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल होते. तुझ्या आईसारखे रोल आता कुणाला जमत नाहीत, तरी मी तीन खाल्ले.

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा शेगडीत टाकलं. तू लिहितेस, तुझा माझ्यावर राग नाही. ‘बाबा, अंधारात तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही मला ओळखलं नाहीत. वय झालं की असं होतं.’ एकोणीस तारखेला ओमाहाच्या डॉक्टरांकडे माझी स्मरणशक्ती तपासायची वेळ घेतली आहेस, आणि क्रेगने माझ्यासाठी तळमजल्यावरची खोली रंगवली आहे. जावई भला माणूस आहे. रंग बदामी दिला असेल.

आधी त्या दिव्याबद्दल लिहितो. पिस्तुलाला लावायचं ते ‘खेळणं’ मला कुणी विकलं, असं तू विचारलं आहेस. बंदुकांच्या दुकानातल्या टेसला बोल लावू नकोस. ती पोरगी आधी तुरुंगात पहारेकरी होती, आता काउंटरमागे सूर्यफुलाच्या बिया चघळत बसते. तिच्यासारखं स्पष्ट बोलणारं माणूस या गावात दुसरं नाही.

मी सप्टेंबरात गेलो होतो. माझं पिस्तूल तुला माहीत आहे. मी निवृत्त झालो तेव्हा तुझ्या आईने, आयरिसने दिलेलं, मुठीत मावेल एवढं. त्याच्या नळीखाली दिवा अडकवायला जेमतेम बोटाच्या पेराएवढी पट्टी आहे. मी आपला मोठ्यातला मोठा दिवा उचलला.

टेस म्हणाली, “आजोबा, हा लावलात तर बोकडाला दाढी आल्यासारखं दिसेल. पिस्तूल छोटं तर दिवाही छोटा. नळीच्या पुढे नाक काढता कामा नये.”

मग तिने तीन छोटे दिवे काचेवर मांडले. एकाच्या बटणापर्यंत माझा अंगठा पोचेना. दुसऱ्यात लाल लेझर होता. तो तिने समोरच्या भिंतीवर मारला. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात मला तो काही केल्या दिसेना. मी मान डोलावत राहिलो.

“आजोबा, हिरवाच घ्या. लाल ठिपका तुम्ही कुठे शोधताय ते मला दिसतंय.”

“माझे डोळे घारीचे आहेत.”

“असतील ना. त्या घारीचे,” असं म्हणून तिने भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या घारीकडे बोट दाखवलं. दुकानातली सगळी मंडळी हसली, मलाही हसावं लागलं.

तिसरा घेतला. हिरवा लेझर, आणि उजेड असा की वीस पावलांवरच्या डब्यावरची अक्षरं मला चष्म्याशिवाय वाचता आली. टेसला मी सांगितलं की शेतांवर तांब्याच्या तारा चोरणारे फिरताहेत, म्हणून हवाय. चोर होतेही. पण खरं कारण वेगळं होतं. संध्याकाळी अंगणातला माणूस कोण ते मला दारातून कळेनासं झालं होतं, आणि ते तुला कळू द्यायचं नव्हतं.

पैसे देताना तिने हातात धरायची एक साधी टॉर्च पुढे सरकवली. म्हणाली, “हीपण न्या. पिस्तुलावरचा दिवा बघायला नसतो. त्याने बघायचं म्हणजे जे बघाल त्याच्यावर नळी रोखावी लागते. मांजर असो की बायको.”

“बायको नाहीये,” मी म्हणालो. टॉर्च परत सरकवली. एका कामाला दोन दिवे कशाला? चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, मला काय उजेडाची अक्कल शिकवता, असं मनात म्हणत घरी आलो.

दिवा लावल्यावर पिस्तूल तुझ्या खोळीत बसेना. सोळाव्या वर्षी तू कातडं कापून, मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालून, वर माझ्या नावाचं अक्षर ठोकून केलेली ती खोळ. अठरा वर्षं कमरेला होती. मी ती कपाटात टाकली आणि प्लास्टिकची आणली. तेव्हा मला वाईटसुद्धा वाटलं नाही, हे लिहून ठेवतो.

आता पुढचं. मघापासून इकडचं तिकडचं लिहितोय ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

नोव्हेंबरात चर्चच्या जेवणाला शेजारचा नॉर्बर्ट माझ्या बाजूला बसला होता. तोंडात घास असतानाच म्हणाला, “लोरीनचा फोन आला होता. तुझ्या बंदुका माझ्याकडे ठेवशील का, विचारत होती. मी म्हटलं, वेंडलची हरकत नसेल तर माझी काय असणार!” मी म्हणालो, “माहितीये मला.” मला काहीच माहीत नव्हतं. ऑक्टोबरात एकदा शेगडी चालू राहिली होती, एकदाच, आणि तेवढ्यावर माझ्या पोरीने मला न विचारता गावाला विचारायला सुरुवात केली होती. तुला फोन करून भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी भांडलो नाही. अकरा दिवस तो राग मी उबवत बसलो.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी बर्फाचा पाऊस पडला आणि साडेचारला वीज गेली. तू गुरुवारी सणाच्या जेवणाला भोपळ्याची पाई घेऊन येणार होतीस. आलीस बुधवारी, न कळवता, क्रेगला मोटेलवर ठेवून. मागच्या दाराने आलीस. त्यात तुझी चूक नाही, या घरात दार वाजवून आजवर कोण आलंय? मी खुर्चीत पेंगत होतो. तळघरात पावलं वाजली. मी खणातून पिस्तूल काढलं आणि कठड्याला धरून खाली उतरलो. पाचच वाजले होते, पण तळघरात मिट्ट काळोख होता. तुझ्या फोनचा उजेड तेवढा भिंतीकडे होता.

मी बटण दाबलं.

लोरीन, त्या दिव्याने आपलं काम चोख केलं. टेसने मला फसवलं नाही. मला बंदुकांचं कपाट दिसलं, कपाटाचं उघडं दार दिसलं, तुझ्या हातातली आईची किल्ली दिसली, तिच्या लाल लोकरीच्या गोंड्यासकट. तुझा निळा कोट दिसला. तू मागे वळलीस तेव्हा हनुवटीवरचा व्रण दिसला, सायकलवरून पडलीस तेव्हाचा. हिरवा ठिपका तुझ्या कोटाच्या दुसऱ्या बटणावर होता.

तू म्हणालीस, “बाबा, मी आहे.”

आणि मी म्हणालो, “कोण आहे?”

मला माहीत होतं कोण आहे. तरी विचारलं. तू पुन्हा म्हणालीस, “बाबा, मी लोरीन,” तुझा आवाज फाटला, आणि मी पुन्हा विचारलं, “कोण आहे?” किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. बोट चापावर होतं. दाबणार नव्हतो. हे लिहितोय खरं, पण यावर विश्वास ठेव असं म्हणायला मला तोंड नाही. तू घाबरावंस एवढंच मला हवं होतं. या घराचा मालक अजून जिवंत आहे हे तुला कळावं. तू घाबरलीस, आणि मला बरं वाटलं. दोन श्वास असतील, फार तर तीन. तेवढा वेळ मला बरं वाटलं.

मग तू पायरीवर बसलीस, रडत रडत मलाच विचारलंस, “दिसलं नाही ना तुम्हाला?” तू मला सुटायला वाट करून दिलीस. मी म्हणालो, “नाही गं.” तेव्हापासून तू ही गोष्ट सगळ्यांना सांगते आहेस, क्रेगला, नॉर्बर्टला, डॉक्टरला. बिचारे बाबा, त्यांना दिसलं नाही. माझे डोळे अधू आहेत, डोकंही थोडं जात असेल. पण त्या दिवशी दोन्ही शाबूत होते. आणि एकोणीस तारखेला डॉक्टरने तसं सांगितलं, तर ओमाहाहून घरी येताना गाडीत तू काय विचार करत बसशील? तो विचार तुला एकटीला करावा लागू नये, म्हणून हे लिहितोय. आजारी म्हणून मिळालेली माफी मला पचत नाही. मला दुसऱ्या कशाची माफी मागायची आहे, आणि ती मिळणार नाही हे मला कळतं.

बंदुका नॉर्बर्टकडे पोचवल्या, पिस्तूलही. दिवा मी आधी काढून घेतला, एकाच स्क्रूवर होता. परवा टेसकडून साधी टॉर्च आणली. “आता सुचलं का?” म्हणाली. मी पैसे मोजून दिले. आईची किल्ली या पाकिटात आहे. कपाट रिकामं आहे, येऊन बघायची गरज नाही. खोळ मात्र मागू नकोस. ती माझ्याकडे राहू दे.

क्रेगला सांग, माझ्यासाठी रंगवलेल्या त्या खोलीत तुझं शिवणाचं मशीन ठेवू दे.

पहिल्या उजेडातच तुला ओळखलेला,
तुझा बाप
वेंडल