सील लागलेल्या दुकानाची आणि त्यातल्या एका बंदुकीची व्यवस्था

मी, बंदुका दुरुस्त करणारी बाई, बंदुका दुरुस्त करणाऱ्याची विधवा, राहणार दुकानामागच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलाने नमुना दिला होता. ‘पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना’ असं त्यात घालायला सांगितलंय. शुद्धीत आहे. दबाव पोटातल्या गाठीचा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. उद्या दवाखान्यात भरती व्हायचं आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, पण म्हणताना माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघतात. माझी शाळा लवकर सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकलं असेल तिथे अर्थ समजून घ्यावा, फाटे फोडू नयेत. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम पहिले. घर. मागच्या दोन्ही खोल्या, मोरी आणि माडीवर जाणारा जिना माझ्या धाकट्या बहिणीला, ती जिवंत असेपर्यंत. तिच्यानंतर माझ्या मुलाला. मुलगा म्हणेल, आई, आधी मला का नाही? बाळा, तुला परगावी घर आहे, बायको आहे, दोघं एकमेकांशी हसून बोलता. तुझ्या मावशीकडे यातलं काही नाही. घर विकायची घाई करू नको. एक अट आहे: हे वाचून झालं की बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही.

कलम दुसरे. हत्यारं. लेथ, शेगडा, कानशी आणि नवऱ्याच्या हातच्या पकडी मुलाने विकाव्यात किंवा ठेवाव्यात. त्याला या कामाचा तिटकारा आहे हे मला माहीत आहे. लहानपणी तेलाच्या वासाने ओकायचा. रागावले नाही. फक्त छोटा हातोडा विकू नको, त्याच्या मुठीवर तुझ्या बापाच्या अंगठ्याचा खळगा पडलाय.

कलम तिसरे. दुकान. ते कोणाला देणार? त्याला सील आहे. दुकानाच्या परवान्याची मुदत संपायच्या कितीतरी आधी मी नूतनीकरणाचा अर्ज दिला होता. खिडकीवरच्या कारकुनाने आधी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागितला. दिला. मग म्हणाला, फोटोत तुमचा कान दिसत नाही. कान दाखवला. मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, जुन्या साहेबांनी काय तपासलं ते मला माहीत नाही, पहिल्यापासून द्या. मी म्हटलं, “साहेब, फाईल तीच, टेबल तेच, खुर्चीसुद्धा तीच. माणूस बदलला म्हणून मी पुन्हा जन्म घेऊ का?” ते म्हणाले, “बाई, आवाज खाली.” मुदत संपली आणि दुसऱ्याच सकाळी हवालदार सील घेऊन हजर. नूतनीकरणाला ज्यांना पाय नव्हते, सील लावायला त्यांना पंख फुटले. आत लोकांच्या बंदुका आहेत, परवाना येईपर्यंत माझ्याकडे ठेवायला दिलेल्या. त्या माझ्या नाहीत, म्हणून मी त्या कोणाला देत नाही.

कलम चौथे. पहारेकरी. सराफाच्या दारात उभा राहणारा तो. त्याचीही बंदूक आत अडकली आहे, माझ्या सीलच्या आधीपासून. सराफाच्या मागच्या खोलीत राहतो, तो पत्ता त्याच्या परवान्याला गेल्या खेपेला चालला, या खेपेला चालत नाही. त्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या पहारेकऱ्याला मात्र चालला. विचारलं तर कारकून म्हणतो, “तुलना करू नका.” सराफाने त्याला हातात काठी देऊन उभं केलं. चोर आले ते काठी बघून हसले आणि त्याच काठीने त्याचं डोकं फोडलं. आता त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. त्याला मी काही देत नाही. द्यायचं होतं, पण साक्षीदाराला देता येत नाही असं वकील म्हणतो, आणि मला त्याची सहीच जास्त हवी आहे.

कलम पाचवे. मेहुण्याची बंदूक. हे सावकाश वाचावं.

एकनळी आहे. ती त्याने माझ्या बहिणीच्या छातीला लावली आहे, तीही एकदाच नाही. जेवण गार झालं म्हणून, एकदा तर दार उघडायला उशीर झाला म्हणून. गोळी असायची की नसायची हे तिला कधी कळलं नाही. त्याच्या परवान्याची मुदत संपली तेव्हा नियमाप्रमाणे तो बंदूक माझ्याकडे ठेवायला आला. म्हणाला, “ताई, चाप अडकतो, आहेच इथे तर बघून ठेवा.” मी म्हटलं, “ठेवा मेहुणे, बघते.” ती बंदूक माझ्याकडे आल्यापासून बहिणीच्या गालांवर मांस आलं. मला म्हणाली, “ताई, तो ओरडतो अजून, पण मी जेवता जेवता ओरडणं ऐकते.”

मी ठाण्यात गेले. साहेबांना सांगितलं, याला बंदूक परत देऊ नका. ते म्हणाले, “चौकशी होईल.” झाली. हवालदार त्यांच्या घरी गेला, मेहुण्याच्या शेजारी बसला, बहिणीने केलेला चहा प्याला आणि विचारलं, “काय वहिनी, काही तक्रार नाही ना?” मेहुण्याचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर. ती म्हणाली, “नाही.” झाली चौकशी. परवाना आला, आणि असा आला की शाई सुकायची होती. कान दिसतो का, पत्ता चालतो का, काही नाही. मी परत ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले, “तुमचाच परवाना संपलाय, तुम्ही दुसऱ्याच्या परवान्यावर कसं बोलता?”

तो परवाना घेऊन मेहुणा माझ्या दारात आला तेव्हा शटरला सील लागलेलं होतं.

“ताई, माझा आला.”

“माझा नाही आला, मेहुणे. सील तोडू का? तुम्ही जामीन राहणार?”

मागे बहीण उभी होती. ती खाली बघत होती, पण तिचे खांदे मला दिसत होते. ती हसत होती हो. मग मीही त्या खिडकीवर जाणं बंद केलं. कारकून आपणहून निरोप पाठवतो, एक सही राहिलीय, येऊन करून जा. मी जात नाही. ज्या दिरंगाईला मी तोंड भरून शिव्या घातल्या, तीच आता माझ्या बहिणीची कडी आहे.

पण मी मेले की परवान्याचा अर्ज माझ्याबरोबर मरतो. मग पोलीस सील तोडणार आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याला त्याची बंदूक देणार. पहारेकऱ्याला मिळणार नाही, मेहुण्याला मिळणार. हे त्याने विचारून घेतलं आहे. हल्ली तो रोज माझ्या तब्येतीची चौकशी करायला येतो. “ताई, आज कसं वाटतंय?” माझ्या मुलाच्या लग्नात मानाला बोलावलं तरी आला नव्हता, आता उशी नीट करून देतो. “अजून आहे,” मी सांगते. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कलम सहावे. आमच्या दुकानाची रीत. माझ्या नवऱ्याने ती घातली. उघडलेल्या बंदुकीची पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर जी आपटते ती, बंदुकीजवळ ठेवायची नाही. काम पुरं होऊन चाचणी होईपर्यंत ती कारागिराच्या अंगावर. शेजारच्या गावात एका कारागिराने ती टेबलावर ठेवली, गिऱ्हाइकाने गंमत म्हणून बसवली, आणि त्या कारागिराची बायको मेली. तेव्हापासून ही रीत. मेहुण्याचा चाप बघायला मी बंदूक उघडली, पिन चष्म्याच्या डबीत घातली, डबी पोलक्यात, आणि काम अर्धवट असताना सील लागलं. म्हणून आत जी आहे ती नळी आणि लाकूड आहे. पिन माझ्यापाशी आहे.

पिन त्याची आहे हे मी मान्य करते. पण काम पुरं झालेलं नाही, आणि अर्धवट काम आम्ही परत देत नाही. माझी डबी न उघडता माझ्या अंगावरच्या कपड्यात ठेवून मला सरणावर न्यावं. दवाखान्यात कपडे बदलतील तेवढ्यापुरती ती पहारेकऱ्याने सांभाळावी. या पहाऱ्याला बंदूक लागत नाही.

मेहुण्याने दुसरी पिन करून घ्यावी, माझी ना नाही. मात्र नवी पिन घातलेली बंदूक तपासणीला जाते, शिक्का मिळाल्याशिवाय मालकाच्या हातात देत नाहीत. अर्ज त्याच खिडकीवर, त्याच कारकुनाकडे. कान दिसेल असा फोटो न्यावा. ओळखीचे साहेब आहेत तोवर न्यावा, बदली जवळ आली आहे.

कलम सातवे. बँकेत जे आहे त्यातून दवाखान्याचं भागवावं, उरेल ते बहिणीचं. माझी लोकरीची शालही तिची. दुसऱ्या कोणी हक्क सांगू नये.

कलम आठवे. हे मृत्युपत्र मला पोचवून आल्यावर, सगळ्यांसमोर, मेहुणा बसलेला असताना मुलाने मोठ्याने वाचावं. तोवर पाकीट पहारेकऱ्याकडे.

धाकटे, हे वाचून होईल तेव्हा तू माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर बसलेली असशील. रडायला आली असशील. तो उठेल आणि म्हणेल, चल. संसार टाकून कुठे येऊ, असं तू मला प्रत्येक वेळी विचारलंस. कुठे यायचं नाहीये, तू आलेली आहेस. मी तुला फार वेळ मिळवून देऊ शकले नाही, त्या खिडकीवर जेवढा उशीर होईल तेवढाच. शाल खाटेच्या पायथ्याशी आहे. ती अंगावर घे आणि तशीच बसून राहा.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून बघितलं, कुठे गिरवलं आहे तिथे मीच गिरवलं आहे. कोणी बदललं तर अक्षरावरून कळेल, इतकं वाईट अक्षर दुसऱ्या कोणाचं नाही.

लिहून ठेवणारी : (सही) बंदूकवाली

साक्षीदार पहिला : (सही) सराफाच्या दारचा पहारेकरी. उजव्या बाजूने वाचून दाखवलं, समजलं.

साक्षीदार दुसरी : (सही) दवाखान्यातली परिचारिका, भरतीचे कागद द्यायला घरी आले होते. बाईंनी माझ्यासमोर सही केली. डबी मी उघडलेली नाही.

ठिकाण : दुकानामागची खोली
तारीख : भरती होण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, मेहुणा यायच्या आत