दत्तोबाचा बिल्ला आणि तुमचा मेंढा

बारामती,
दिवाळी पाडवा, १९९८

...आणि आबामामा, बूथमधली लाईन तुटली तेव्हा मी नेमका हाच मुद्दा मांडत होतो, की एखादा माणूस शिक्षा भोगून आला असेल तर त्यानं टॅक्सी चालवायची की नाही? तुम्ही पलीकडून "कोण माणूस?" म्हणालात आणि लाईन गेली. आता पत्रातच सांगतो. नमस्कार राहिला होता, तो आधी करतो. मामींचा गुडघा कसा आहे? डाळिंबाला फूल धरलं का? इकडं सगळे मजेत. आई करंज्या तळतेय, आणि यंदा तिला न्यायला तुमच्याकडून मुराळी कोण येणार, हे दर घाण्याला एकदा विचारतेय.

तर, मी सध्या इथल्या काळी-पिवळी जीप संघटनेचा सेक्रेटरी आहे. (निवडून वगैरे नाही. आरटीओला इंग्रजीत अर्ज लिहायचा होता आणि पाचगणीला शिकलेला मी एकटाच तेव्हा स्टँडवर चहा पीत होतो.) आरटीओचं लायसन असलं तरी आमचा पितळी बिल्ला छातीवर नसेल तर इंदापूर लाईनला गाडी नंबरात लागत नाही. आत्तापर्यंत बिल्ला द्यायची पद्धत काय, तर अध्यक्ष मोहनराव माणसाच्या तोंडाकडं बघायचे. मी म्हटलं, असं चालणार नाही, सिस्टिम पाहिजे. मुलाखत पाहिजे, ट्रायल पाहिजे, समितीत पॅसेंजरतर्फे कुणीतरी पाहिजे. मोहनरावांनी मान हलवली, कारण त्यांना वाटलं मी आठ दिवसांत विसरेन. मी नाही विसरलो. पॅसेंजरतर्फे छबूबाईंना घेतलं. त्या रोज निमगावहून भाजीच्या पाट्या घेऊन येतात, आणि कुठल्या ड्रायव्हरचा ब्रेक लागतो, कुणाचं नुसतंच तोंड चालतं, हे त्यांना पाठ आहे.

नव्या सिस्टिममधला पहिला उमेदवार आला कऱ्हाटीचा दत्तोबा. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून विचारलं, पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का? (हा प्रश्न विचारायचा असतो म्हणून विचारला. "नाही" म्हणतील आणि मी टिक करीन, एवढंच माझ्या डोक्यात.) तो म्हणाला, व्हय, तीन म्हयनं. कशाबद्दल, तर मेंढा. कुणाचा, तर वरकुट्याच्या आबासाहेबांचा. मामा, माझा चहा शर्टावर सांडला.

होय, तोच दत्तोबा, आणि तोच तुमचा वळलेल्या शिंगांचा मेंढा. खतासाठी तुमच्या रानात त्याची मेंढरं बसली होती, पहाटे कळप निघाला तसा तुमचा मेंढाही मागं निघाला, आणि पुढं दोघं सुप्याच्या बाजारात सापडले, ही सगळी हकिगत त्यानंच सांगितली. मला त्याला मदत करायची फार इच्छा झाली. (समितीनं अशी इच्छा करायची नसते, मला माहीत आहे.) म्हणून मी म्हटलं, म्हणजे मेंढा आपणहून आला, तुम्ही नेला नाही. तर दत्तोबा म्हणाला, "मागनं आला ह्ये खरं हाय, साहेब. पर म्या वळून बगितलं आन् हाकलला न्हाय. ती चोरीच."

आता असल्या माणसाला कुठल्या रकान्यात टाकायचं? मेंढरं त्यानं कधीच विकली. आता मेव्हण्याची जीप आहे, लायसन आहे, फक्त बिल्ला नाही. नाही मिळाला तर दिवाळीनंतर भिवंडीला ट्रकवर जायचं, म्हणजे बायको साखरबाई आणि पोरं पुन्हा एकटी. एकदा घर सोडून राहिलोय, आता नको वाटतं, एवढंच तो म्हणाला. त्यावर मोहनराव सुरू झाले, की स्टँडची अब्रू जाईल, ज्यानं मेंढा गोडीगुलाबीनं नेला त्याला पॅसेंजर न्यायला कितीसा वेळ? छबूबाई म्हणाल्या, "न्यायलाच तर बसतो की आमी. आन् मोहनराव, बाकीच्यांनी काय काय केलंय ते कुणाला ठावं? ह्याचं तरी समदं कोरटात वाचून दाखवलंय."

मी म्हटलं, वाद नको, ट्रायल घेऊ. दत्तोबा गाडी सुरेख चालवतो, मामा. मोहनराव पुढच्या सीटवर डुलकी काढायला लागले, यावरून काय ते समजा. पण लासुर्ण्याजवळ रस्ताभर मेंढरं. हॉर्नला ती दाद देईनात. दत्तोबा खाली उतरला, तोंडानं कसलासा आवाज केला, आणि अख्खा कळप त्याच्यामागं कडेला. मी टाळ्या वाजवल्या. आम्ही निघालो, तर कळपही निघाला, जीपच्या मागं. त्याच्यामागं काठी घेऊन कळपाचा मालक म्हस्कू. आता खरी माहिती दिली की माणसाची भीती जाते, असं आम्हाला शाळेत शिकवलंय. म्हणून मी डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं, की काका, घाबरू नका, यांना फक्त एकदाच शिक्षा झालीय, आणि तीसुद्धा एकाच मेंढ्याबद्दल.

पुढच्या मिनिटात मोहनरावांची टोपी काठीनं उडून उसात गेली. (ती अजून तिथंच आहे.) दत्तोबानं गाडी बंद केली, खाली उतरला, म्हस्कूच्या शिव्या ऐकत कळप पुन्हा होता तिथं नेऊन पोचवला, आणि वळून वळून मागं बघत परत आला. तरी एक कोकरू मागं आलंच. त्यानं वळून बघितलं आणि ते हाकललं.

हे बघूनसुद्धा मोहनरावांचं मत "नाही" (टोपीमुळं), छबूबाईंचं "होय", आणि माझं मत मी राखून ठेवलंय, कारण सेक्रेटरीनं निष्पक्ष असावं. मी ठराव मांडला की ज्यांचं नुकसान झालं त्यांनाच विचारावं. तेव्हा शांतपणे विचार करून, कुणाचीही भीड न ठेवता, होय किंवा नाही ते कळवा.

तुमचा भाचा,
अविराज

ता.क. पाकिटाला तिकीट नाही म्हणून रागावू नका. पोस्टमननं आणलेलंच नाही ते. ज्यानं हातात दिलं तो दत्तोबा. आता तो तुमच्या फाटकाबाहेर उभा असेल आणि आत बोलावल्याशिवाय येणार नाही. मामींना चहाचं सांगा.

आणखी एक ता.क. हे जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहितोय, अक्षर समजून घ्या. आईनं वरचं सगळं वाचलं आणि म्हणाली, लई लांबण लावलीस. मग करंज्यांचा डबा घेऊन ती दत्तोबाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. मुराळी मिळाला म्हणे. तेव्हा भाऊबीजेची काळजी मिटली, ती तुमच्या दारात उतरलेलीच असेल. मोहनरावांना हे समजलं तसे ते बराच वेळ उघडं डोकं खाजवत राहिले, आणि म्हणाले, "आबासाहेब बहिणीला ज्याच्या गाडीत बसवून माघारी धाडत्याल, त्याच्या छातीवर मी सोता बिल्ला लावतो." म्हणजे माझी मुलाखत, ट्रायल, ठराव सगळं बाजूलाच राहिलं. तर मामा, परवा आईला कुणाच्या गाडीत बसवता?