सेटअपला हात लावायचा नाही

खांदा कॉलनी, पनवेल
शनिवार दुपार

प्रिय आप्पा,

खुशाली वगैरे नंतर. आधी भांडण.

आज कॉम्प्युटरवर सरावाला बसले आणि गाडी पुन्हा गरकन फिरली. त्याच वळणावर! उतार संपल्यावरचं ते डावं वळण, जिथे तुम्ही हसत हसत आत शिरायचात. मी हेडफोन काढून आपटला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, मग मी तिच्यावर ओरडले. उद्या शर्यत आहे आणि घरात कुणी कुणाशी बोलत नाही. ज्याच्यामुळे हे झालं त्यालाच चार शब्द सुनवावेत म्हणून तुमच्याच खुर्चीत बसून लिहितेय.

तुमच्या दहाव्याला काय झालं, ते तुम्हाला माहीत तरी आहे का? पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर ही गर्दी, पण एक खाली येईल तर शपथ! आई म्हणाली, "पोरीचा मी बघीन." नाही. आत्या म्हणाली, "गावदेवीचा मान चुकवनार नाय." तरी नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी तुमचा धाकटा भाऊ, आपले हरीकाका, पुढे झाले. हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "दादा, तुज्या त्या गेमच्या गाडीची सेटिंग हाय ना, तिला कोन हात लावनार नाय! शब्द देतो!"

आणि कावळा उतरला.

झालं! ज्या माणसानं या खुर्चीला कधी बूड टेकवलं नाही, त्यानं शब्द देऊन टाकला आणि अडकले मी.

आप्पा, आपल्या दोघांत मिळून एक गाडी. कॉम्प्युटरवरची का असेना, अर्धी शर्यत तुम्ही पळवायची, अर्धी मी. ड्रायव्हर दोन असले तरी सेटअप एकच, हा ऑनलाइन लीगचा नियम. त्यावरून या घरात काय कमी भांडणं झाली? तुम्हाला ब्रेकचा जोर मागच्या चाकांवर हवा. मागची विंग, ती वाऱ्याच्या जोरावर गाडी दाबून धरणारी पट्टी, झोपवलेली हवी. म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी सुसाट, आणि वळणात शिरताना मागून सुटणार. मला नाही सांभाळता येत, असं किती वेळा सांगितलं! तुमचं एकच, "शेपूट हलली पायजे गं. नायतर तोंड वलनार कसा?"

छकड्याचं डोकं, दुसरं काय! करंजाड्याला जमीन होती तेव्हा तुम्ही बैलांचे छकडे पळवलेत, मान्य. शोकेसमध्ये ढाल आहे, तीही मान्य. कासरा एकदम सोडायचा नाही, ढिला करत जायचा, तसाच ब्रेकवरचा पाय वळता वळता हळूहळू उचलायचा, हे मी तुमच्याकडूनच शिकले. जासईच्या रस्त्याला कंटेनरच्या मागे अडकलो तरी तुमची शिकवणी चालूच असायची. पण वळणात डाव्या पायाने ब्रेक आणि त्याच वेळी उजव्या पायाने किंचित ॲक्सिलरेटर, ही तुमची गाडी सावरायची तऱ्हा मला काही केल्या जमत नाही. करून बघितलं ना! एक पाय सांभाळावा तर दुसरा घसरतो.

मागच्या राउंडला काकांचा शब्द पाळला. गाडी तीनदा फिरली, एकदा भिंतीत गेली, आणि मी सगळ्यांच्या मागून आले. लीगच्या ग्रुपवर पोरांचे मेसेज, "आप्पांचा सेटअप! रिस्पेक्ट!" खाली जोडलेले हात. रिस्पेक्ट कसला डोंबलाचा! मी इथे भिंतीवर डोकं आपटतेय आणि यांना रिस्पेक्ट सुचतोय.

उद्या शेवटचा राउंड. लीगवाल्यांनी गाडीवर तुमचं नाव तसंच ठेवून मला एकटीला पूर्ण शर्यत चालवायची परवानगी दिलीय. तुम्ही मिळवलेले पॉइंट आहेत म्हणून पहिल्या तिघांत यायची आशा अजून आहे. ढालीशेजारचे काचेचे ससे उचलून तुम्ही कपाटावर ठेवलेत ना, कपासाठी जागा हवी म्हणून? ते ससे अजून तिथेच आहेत. जेवायला बसलं की ती रिकामी जागा बरोबर समोर येते.

आज आईला म्हटलं, ब्रेकचा जोर थोडा पुढे आणते, विंग थोडी उभी करते. तिचा चेहराच उतरला. "नको गं. त्या शब्दावर कावला शिवलाय. त्यांचा जीव अडकंल."

तुमचा जीव? सेटअपमध्ये? तुम्ही स्वतः कधी एक सेटअप दोन शर्यतींना ठेवलात का हो? शर्यत सुरू व्हायला आलेली असायची आणि तुमचं आपलं टायरची हवा वाढव, कमी कर, परत वाढव. मी किंचाळायचे, "आप्पा, सोडा आता!" ज्या माणसाला कालचा सेटअप आज चालत नव्हता, त्याच्या नावानं हा एक कायमचा गळ्यात बांधलाय माझ्या.

एक सांगू? कुणाला बोलले नाही अजून. काका हात जोडून शब्द देत होते ना, तेव्हा मला असा राग आला होता की मी मनातल्या मनात म्हणाले, "आप्पा, त्यांचं ऐकू नका. मी बदलणार आहे." कावळा तेव्हाच उतरला. मग तो नक्की कुणाच्या शब्दावर उतरला? तुम्हीच सांगा!

इथवर लिहिलं आणि आई चहा घेऊन आली. गाल फुगवलेलेच. माझ्याच्यानं राहवलं नाही, तिला हे सांगून टाकलं. वाटलं, आता पुन्हा भडका उडणार. ती कप हातात धरून उभी राहिली आणि मग चक्क हसली. म्हणाली, "तवा मी पन मनात कायतरी बोलत होते."

"काय?"

"तुला कशाला?"

मग ती माझ्या पायांकडे बघत राहिली. पेडलच्या चौकटीला बोल्टने आवळलेल्या तुमच्या खुर्चीत मी पाठीला उशी लावून बसते, तरी ब्रेकला नुसती बोटंच टेकतात. बोटांच्या टोकांनी ब्रेक हळू सोडता येतो का? काकांच्या त्या शब्दात खुर्चीसुद्धा आली, असं मीच धरून चालले होते.

"त्यांचं पाय लांब होतं गं," आई म्हणाली. "तुजं कसं पोचतील?"

आणि जाऊन तुमच्या हत्यारांच्या डब्यातून पाना घेऊन आली.

खुर्ची पुढे घेतलीय, आप्पा. आईनं मागून ढकलली, मी बोल्ट आवळले. ढकलता ढकलता ती रडली, मग मीही. खुर्चीखाली सुपारीची पुडी सापडली. सुपारी सोडली म्हणाला होतात ना? आई म्हणते, वर आल्यावर बघते तुमच्याकडे.

तर आता माझा शब्द ऐका. मनात नाही, मोठ्यानं देतेय, आई साक्षीला आहे. उद्या ब्रेकचा जोर पुढे असेल आणि विंग उभी असेल. सरळ रस्त्यावर दोन-चार जण मला मागे टाकतील, तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही. त्या डाव्या वळणात ब्रेक मात्र तुम्ही शिकवलात तसाच सोडीन, कासरा ढिला करतात तसा. ससे कपाटावरच राहतील की खाली येतील, ते मला ठाऊक नाही. पण उद्या गाडी फिरलीच, तर ती माझ्या चुकीनं फिरेल. तुमच्या नावावर नाही फिरू देणार.

तुमची,
अजून चिडलेलीच,
सायली